‘सेटल’ या शब्दाशी माझं भांडण

मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. मुलं मला पाठीमागे ‘मिरसांग’ म्हणायची, म्हणजे मिरची. मला ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटतही नसे. स्पेलिंग चुकलं, काळ चुकला, निबंध लिहायचा तर शेजारच्या बाकावरचा उतरवून काढला, तरी मी फार तापत नसे. पण एक शब्द असा आहे की तो कुणी माझ्यासमोर काढला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तो शब्द म्हणजे ‘सेटल’.

शब्दकोशात पाहाल तर शब्द गरीब दिसतो. एका जागी वस्ती करणे. गाळ तळाशी बसणे. तंटा मिटवणे. मन शांत होणे. नववीच्या वर्गात मी हे अर्थ फळ्यावर लिहायची, प्रत्येकाखाली एक वाक्य. पक्षी फांदीवर बसले. दोघा मित्रांचं भांडण मिटलं. मुलं निमूट उतरवून घ्यायची, घंटा व्हायची आणि मी हातावरचा खडू झटकून शिक्षकांच्या खोलीत जायची. असली सोवळी वाक्यं मी वर्षानुवर्षं लिहिली याची मला आता लाज वाटते. कारण आमच्या भागात हा शब्द पक्ष्यांसाठी वापरलेला मी कधी ऐकला नाही. आमच्याकडे तो माणसांवर वापरतात.

माझी आणि त्याची पहिली गाठ पडली ती माझ्या लग्नाच्या बोलण्यात. माझं माहेर कारापूरचं. घरात आम्ही तीन भावंडं. सगळ्यांत थोरली बहीण, तिला आम्ही बाय म्हणतो. मधला दादा. धाकटी मी. मोरजीचं स्थळ घेऊन जे गृहस्थ आले होते ते दर दोन वाक्यांनी म्हणत होते, ‘‘मुलगो सेटल आसा.’’ म्हणजे त्याला सरकारी नोकरी होती. तो स्वभावानं कसा, बोलतो कसा, आईशी भांडतो का, हे काही ते सांगेनात. सेटल आहे म्हटल्यावर सगळं आलंच त्यात. चहा घेऊन बाय बाहेर आली, तेव्हा त्याच गृहस्थांनी बशीतली नेवरी, म्हणजे करंजी, उचलत तिच्या तोंडावर विचारलं, ‘‘थोरली अजून सेटल होवंक ना?’’

बाय माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा बाय वीस वर्षांची होती. आईला उठवायचं, बसवायचं, भरवायचं, आणि मागचं शेतही बघायचं, हे सगळं तिच्यावर आलं. तिच्यासाठी स्थळं आली नाहीत असं नाही, पण ती आली की घरातली मोठी माणसं एकमेकांकडे बघत आणि विषय बदलत. आई गेली तेव्हा बाय चौतीस वर्षांची होती, आणि मग स्थळंही येईनाशी झाली. त्या प्रश्नावर ती फक्त म्हणाली, ‘‘चाय निवता. घेयात.’’ मी मात्र तिथेच बोलून गेले की जन्मापासून एकाच घरात, एकाच चुलीपाशी जी राहिलेली आहे तिच्यापेक्षा सेटल बाई अख्ख्या डिचोली तालुक्यात दाखवा. बाबांनी डोळे वटारले. लग्न मात्र ठरलं. मुलीचं तोंड चालतं हे मोरजीकरांना आधीच कळलं, एवढाच त्याचा उपयोग झाला.

मग मला नोकरी लागली पाळीच्या बाजूला. त्या वेळी तिथून खनिजाचे ट्रक रांगेनं जात, आणि वर्गात पहिल्या बाकावरच्या मुलींच्या रिबिनी दुपारपर्यंत धुळीनं तांबड्या होत. खाणीतलं गढूळ पाणी सोडून द्यायच्या आधी ते अडवून ठेवायचं, माती खाली बसू द्यायची आणि मग वरचं निवळ पाणी जाऊ द्यायचं, यासाठी मोठाले खड्डे केलेले असत. त्यांचं इंग्रजी नाव याच शब्दावरून आलेलं. कागदावर योजना फार सुंदर. एका पावसाळ्यात असल्या एका खड्ड्याचा बांध फुटला आणि सगळा चिखल खालच्या शेतांत शिरून भात आडवं झालं. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई शाळेत आली. म्हणाली, ‘‘बाई, इंग्लिशीत अर्ज बरयात. मराठीतलो कोण वाचिना.’’

मी अर्ज लिहिला. एक नाही, चार लिहिले. कडक इंग्रजीत, व्याकरणात एक चूक नाही. एक साहेब पाहणीला आले, पँटचे पाय दुमडून बांधावर उभे राहिले आणि म्हणाले, माती सेटल होईल, उलट जमीन सुपीक होईल. पुढे कधीतरी एक पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की हे प्रकरण सेटल झालेलं आहे. ते पत्र त्या बाईला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘म्हणजे आमका काय मेळतला?’’ मी इंग्रजीची शिक्षिका, मला त्या वाक्याचा अर्थ तिला सांगता येईना. कारण अर्थ असा होता की काहीही मिळणार नाही, आणि हे विचारायलाही पुन्हा येऊ नका. तिची मुलगी तेव्हा माझ्याकडून ‘पक्षी फांदीवर बसले’ शिकत होती!

सासरी मोरजीला गेले तर तिथेही हा शब्द माझ्या आधी येऊन बसलेला. आमच्या सरकारचे जमिनीचे नकाशे असतात, त्यांत वेगवेगळे रंग. शेतीला एक, बागायतीला एक, आणि ज्या रंगात घरं बांधायची परवानगी मिळते त्याला म्हणतात सेटलमेंट झोन. आता गंमत बघा. ज्या वाड्यावर माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, जिथं तुळस आहे, विहीर आहे, तिथल्या माणसाला मागच्या पडवीला एक खोली काढायची तर नकाशावर तो रंग नसतो. आणि ज्या डोंगराच्या उतारावर काजू आणि मोर यांच्याखेरीज कुणी राहत नाही, तो उतार एका सकाळी सेटलमेंट होतो. हे कसं होतं विचाराल तर सगळे हसतात. हसतात याचाच मला जास्त राग येतो. आमच्या किनाऱ्यावर थंडीत कासवीण येते, वाळू उकरून अंडी घालते आणि परत समुद्रात जाते. तिच्या खड्ड्याभोवती लगेच काठ्या आणि जाळी लावतात, पहारा बसतो. फार चांगली गोष्ट आहे. फक्त वाटतं की आमच्या बायांच्या वाट्याला त्यातली एक काठी तरी यावी.

असो. मूळ सांगायचं आहे ते गेल्या वर्षीच्या चवथीचं.

त्याआधी आमच्याकडचा एक कायदा सांगायला हवा, नाहीतर बाहेरच्या माणसाला काही कळायचं नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून रीत अशी, की आईबापांच्या मिळकतीत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. विकायची झाली तर सगळ्या भावंडांची सही लागते. एवढंच नाही, ज्याचं लग्न झालंय त्याच्या नवऱ्याची किंवा बायकोचीही लागते. कायदा चांगला आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण होतं काय, की लहानशा तुकड्यासाठीही डझनभर माणसं गोळा करावी लागतात. कुणी वास्कोला, कुणी पुण्याला, कुणी आखातात. ही सगळी एका छपराखाली येतात ती वर्षातून एकदा, चवथीला, मूळ घरच्या गणपतीला. तेव्हा आमच्या लोकांनी सोय काढली. सह्या चवथीला करायच्या. आरती झाली, जेवणं झाली, पोटं जड झाली की कुणीतरी पिशवीतून कागद काढतो. गणपती समोर बसलेला असतो, सणासुदीचा दिवस असतो, घरच्या लेकी नव्या साड्या नेसून बसलेल्या असतात. अशा वेळी नाही म्हणायला कुणाचं तोंड उघडणार? कितीतरी घरांतल्या बहिणींनी आपले वाटे असेच सोडलेत, हातावरचा खतखत्याच्या भाजीचा रस पुसून. देवासमोर भांडण नको म्हणून.

दादानंही तेच योजलं होतं, पण मला त्याची गंधवार्ता नव्हती. आमचा गणपती दीड दिवसाचा. चतुर्थीला मी नवऱ्याबरोबर कारापूरला पोहोचले तेव्हा दादा आणि वहिनी पणजीहून आलेली होती. बायनं एकटीनं माटोळी बांधली होती. गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती लाकडी चौकट, तिला कवंडळं, कांगलां, आंबाडे अशी रानातली फळं, सुपारीचा घोस, नारळांचा घड. या वयात ती शिडीवर कशी चढली असेल कुणास ठाऊक. मी ओरडले, तर म्हणाली, ‘‘मगे कोण चडतलो? गणपती?’’

दुसऱ्या दिवशी पंचमी. आमच्याकडे त्या दिवशी शेतातलं नवं भात घरात आणतात. बाय पहाटेच मागच्या शेतात उतरली, कोयत्यानं कणसं कापली, डोक्यावरून घेऊन आली. त्यांची पूजा झाली, एक जुडी दाराला बांधली. दादा सोवळं नेसून पूजेला बसला होता. पूजा झाल्यावर त्यानं फोन काढून दारावरच्या कणसांचा फोटो घेतला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘आमच्या शेतातलं नवं.’ आमच्या शेतातलं! मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, पाय ठेवून त्याला किती वर्षं झाली असतील ते त्यालाही सांगता आलं नसतं. पावसाळ्यात लावणीला बायच्या जोडीला असते ती बेळगावकडची एक बाई, तिचा नवरा साखळीला गवंडीकाम करतो. दोघी मिळून चिखलात. मी ते बघून गप्प बसले, कारण देवघरात होते.

जेवणं झाली. केळीची पानं उचलली. तेवढ्यात दादाच्या ओळखीचे एक वकील दर्शनाला आले. नमस्कार केला, हळदीच्या पानातली पातोळी खाल्ली, माटोळीचं कौतुक केलं, आणि पिशवी काही मांडीवरून खाली ठेवीनात. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी शाळेत खूप पाहिलीत. मी विचारलं, ‘‘वकीलबाब, पिशवीत काय आसा?’’ वकील दादाकडे बघू लागले. दादानं घसा खाकरला.

‘‘आता सगळी आसात,’’ तो म्हणाला, ‘‘तर सेटल करून टाकूया.’’

कागद होते मुखत्यारपत्राचे. आमच्याकडची जुनी माणसं त्याला अजून प्रोकुरासांव म्हणतात. आम्ही सगळ्यांनी दादाला अधिकार द्यायचा, मग पुढचं सगळं तो एकटा बघणार. बाबांच्या माघारी आम्हा तिघांच्या नावावर आलेलं मागचं शेत एका बिल्डरला हवं होतं. पण शेताला रस्ता नाही, रस्ता काढायचा तर आमच्या अंगणातून आणि पडवीवरून, म्हणून घरही जाणार. बायसाठी साखळीला दुसऱ्या मजल्यावर एक छोटा फ्लॅट. वहिनी म्हणाली, ‘‘लिफ्ट आसा. बाय थंय आरामात सेटल होतली.’’ दादा म्हणाला, बाय तो बघूनही आलीय. नंतर मला कळलं की त्या नव्या भिंतीला उभी चीर गेलेली होती, बायनं बोट लावून दाखवली, तेव्हा बिल्डरचा माणूस म्हणाला, ‘‘कायच नाय, मावशे, बिल्डिंग सेटल होता.’’

मी विचारलं, किती सह्या लागणार? दादानं बोटं मोजली. तो आणि वहिनी दोन, मी आणि माझा नवरा दोन, आणि बायची एक. मग तो सहज, अगदी चांगल्या मनानं म्हणाला, ‘‘बायची एकटीचीच. तितकीच एक कमी.’’

एक सही कमी! ज्या बहिणीनं आईच्या अंगाखालची चादर चौदा वर्षं बदलली म्हणून ती एकटी राहिली, तिच्या एकटेपणाचा हा फायदा ह्यानं काढला. मी नवऱ्याकडे वळले, म्हटलं, ‘‘ऐकतात काय, तुम्ही?’’ तर आमच्या ह्यांच्या हातात पेन होतं. टोपण काढलेलं. पहिल्या कागदावर त्यांची सही झालेली होती, वळणदार, शाई अजून ओली.

‘‘दादानी मागच्या आयतवारा फोन केल्लो,’’ ते म्हणाले. ‘‘मी हो म्हटलां. तू नाय कित्याक म्हणतलंस?’’

मग मी जी सुटले ती सुटलेच. या एका शब्दावरून इतकी वर्षं तापले ती सगळी ह्याचीच रंगीत तालीम होती म्हणायची. मी दादाला विचारलं, बापाच्या शेतातल्या कणसांचा सकाळी फोटो काढतोस आणि दुपारी ते शेत पिशवीतून आलेल्या कागदावर देऊन टाकतोस, लाज कशी वाटत नाही? पाळीच्या त्या बाईची गोष्ट सांगितली. मोरजीचे डोंगर सांगितले. म्हटलं, तुमचं हे सेटल म्हणजे दर वेळी दुसऱ्या कुणीतरी उठायचं आणि तुम्ही बसायचं. नवऱ्याला म्हटलं, माझ्या वडलांच्या जमिनीवर सही करायला तुम्हाला आठ दिवस आधी विचारतात आणि मला आरतीनंतर, आणि तुम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही! वहिनीला म्हटलं, लिफ्टनं वर गेल्यावर बाय करील काय, तिथं गॅलरीत भात लावणार? वकिलांना म्हटलं, गणपतीच्या घरी आलात, शिक्का घेऊन आलात, पातोळी तरी कशी उतरली घशाखाली? वकील उठून चपला शोधू लागले. दादाचा चेहरा लाल झाला होता. मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटत होतं. बायच्या बाजूनं जन्मात पहिल्यांदा कुणीतरी बोलत होतं आणि ती मी होते.

बाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. हात पदराला पुसत होती.

‘‘झाला तुझा?’’ तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, ‘‘नाय झाला, अजून आसा.’’

‘‘ह्येणा माका इचारल्यान नाय, खरां आसा,’’ ती दादाकडे बोट करून म्हणाली. ‘‘फ्लॅट दाखवल्यान, पण इचारल्यान नाय. आनी तू गो? तू इतक्या वेळ माझ्या नावान उलयतंस. तू तरी इचारलंस?’’

समया तेवत होत्या. मी म्हटलं, ‘‘सांग बाय, तुका काय जाय?’’

ती खाली बसली. बसताना तिनं गुडघा हातानं धरून वाकवला, तेव्हा मी तिचा पाय पहिल्यांदा नीट पाहिला. घोट्याशी सुजून टम्म झाला होता.

‘‘शेत विका,’’ ती म्हणाली. ‘‘माज्यान आता जायना. चिकलात उबी रवली की रातचो पाय जमनीर टेकणा नाय. तुमका शेत बघूक बरां वाटता, ता माका ठावक आसा. तू चवथीक येतंस, मेरेर उबी रवतंस, वारो खातंस आनी जातंस. लावणेक कोण येता?’’

मला वाटलं, कुणी तरी माझ्या हातातला खडू काढून घेतला. ज्या शेतासाठी मी एवढी भांडले ते तिला नकोच होतं. आणि लावणीला मी खरंच कधी गेले नव्हते. मला शाळा असायची, मग पेपर असायचे, मग पाठ धरायची.

‘‘पण घर सोडूची नाय,’’ बाय म्हणाली. ‘‘घर माका जाय. माझ्या नावार. तोंडान नको, कागदार जाय. तुम्ही दोगां वाटेकार आसात तोवर माका कोणय केन्नाय उठवतलो. आज ह्यो, उद्यां ह्येचो मुलगो. वकीलबाब आसात, तेंका कागद करूक सांगा.’’

दादा म्हणाला, ‘‘बाय, असा एका दिसात होणा नाय.’’

‘‘तुका मी इचारूकच नाय,’’ ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. मग माझ्याकडे वळली. ‘‘तुका इचारतां. तुझो वाटो तू माका सोडशी?’’

एवढा साधा प्रश्न. तास-दीड तास मी ज्या तोंडानं बोलत होते त्या तोंडानं फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

आणि मला एकदम रस्त्याच्या बाजूची खोली आठवली, जिथं बसून मी बी.एड.चा अभ्यास केला. माझी मुलगी मागच्याच महिन्यात म्हणाली होती की आई, कारापूरच्या घराला रंग दिला तर पाहुण्यांना भाड्यानं देता येईल, हल्ली लोक असली घरं शोधत येतात. तेव्हा मी तिला हसले होते, पण नाही म्हटलं नव्हतं. बायच्या पश्चात काय, असंही मनात येऊन गेलं. तिला मूल नाही, बाळ नाही, मग ते घर शेवटी कुणाकडे जाईल, ह्याचा हिशेब मी तिच्यासमोर बसून, तिच्या तोंडाकडे बघत करत होते. नवरा बाजूला खोकला. ते खोकणं मला कळलं, आणि मला त्याचा राग आला नाही. मला त्याचा आधार वाटला.

‘‘बघूया, बाय,’’ मी म्हटलं. ‘‘सावकाश बोलूया. आज सणाचो दीस.’’

बायनं मान हलवली. तिला जे कळायचं होतं ते कळलं होतं. ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर मी परत भांडले असते, ते मला येतं. ती जमिनीला हात टेकून उठली आणि उत्तरपूजेची तयारी करायला गेली. संध्याकाळी वाळवंटी नदीच्या घाटावर आम्ही गणपती पोहोचवला. दादानं मूर्ती धरली, मी आरती म्हटली, माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. बाय काठावरच थांबली, पाय दुखत होता म्हणून.

दीड महिन्यानं मी माझा वाटा बायच्या नावे करून दिला. नवऱ्याला मी त्याबद्दल काही विचारलं नाही, फक्त सही कुठं करायची ते दाखवलं. दादानं आपला वाटा अजून सोडलेला नाही, पण बायच्या सहीशिवाय त्याचं काही चालत नाही आणि बिल्डरनं दुसरीकडे जागा पाहिली. दादा माझ्याशी बोलत नाही. शेत बायनं त्या बेळगावकडच्या जोडप्याला अर्धेलीनं करायला दिलं. ती स्वतः आता मेरेवर बसून त्यांना चुका सांगते. कागद मी तिच्या हातात दिला तेव्हा तिनं तो खालीवर पाहिला, कपाटात साड्यांखाली ठेवला आणि म्हणाली, ‘‘बरां केलंस. चाय घे.’’ मी चहा घेतला. सगळं योग्य झालं होतं, आणि तरी तिच्यासमोर बसायला मला जड जात होतं.

माझं लग्न झाल्यापासून एकाही चवथीला बायनं मला ‘ये’ म्हटलेलं नाही. म्हणायचं कारणच नव्हतं, मी येणारच. ती पाटासमोर माझं पान मांडूनच ठेवायची. यंदा चवथीला आठ दिवस होते तेव्हा तिचा फोन आला. तब्येत विचारली, ह्यांची विचारली. मग म्हणाली, ‘‘चवथीक येतलंस मगो? येयात हां, सगळी येयात.’’

पाहुण्यांना बोलावतात तसं तिनं मला माहेरी बोलावलं.